सहाशे मिली पाणी

संपादकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "तेवीस वर्षं जंगलातल्या रस्त्यावर जीप चालवताय. वाघ, बिबटे, असलं काहीतरी लिहा." तेवीस वर्षांत मला बिबट्या दोनदा दिसला. दोन्ही वेळा मिळून साधारण अकरा सेकंद. त्यावर लेख होत नाही. रेडिएटरबरोबर मात्र मी सलग दोन दिवस काढले आहेत, आणि त्यात मी शहाणा ठरलो की मूर्ख हे मला अजून नीट ठरवता आलेलं नाही. म्हणून त्याच्यावर लिहितो.

मी राहतो कारवार जिल्ह्यातल्या रामनगरात. माझी जीप चालते कुंभारवाडा, बाजारकुणंग या बाजूच्या वाड्यांसाठी. तिकडे बस कमी. जी आहे ती येते तेव्हा येते. माणसं बाजाराला, दवाखान्याला, जोयड्याच्या तालुका कचेरीला माझ्या गाडीतून जातात. कागदावर माझ्या गाडीत नऊ प्रवासी बसतात. मी नऊच घेतो. दहावा माणूस कितीही ओळखीचा असला तरी खाली राहतो. या एका गोष्टीमुळे या भागात माझ्याबद्दल आदर आहे असं मी बरीच वर्षं समजत होतो. नंतर कळलं की मागून मला 'तराजू' म्हणतात.

तराजूला कारणही आहे. गाडीत ताणकाटा टांगलेला असतो आणि एक वही असते. तारीख, मीटर, डिझेल, टायरमधली हवा, माणसं किती, निघालो किती वाजता, पोचलो किती वाजता. आमच्या रस्त्यावरचा दुसरा कोणताही ड्रायव्हर हे लिहीत नाही. एक नवे मास्तर वाडीच्या शाळेत आले होते, त्यांना वळणांवर ओकारी यायची. मी त्यांना वळणं मोजायला सांगितली. मोजणाऱ्याला ओकारी येत नाही, हा माझा अनुभव. त्यांनी मोजली, एकशे बारा. ओकारी थांबली. पण माझ्या वहीत एकशे चौदा आहेत. बदली होऊन ते कारवारकडे गेले, तरी अजून आमचं यावर फोनवर चालूच असतं.

या वहीला आणि ताणकाट्याला पुरून उरलेलं एकच माणूस मला भेटलं, ते म्हणजे वाडीतली गंगाक्का. एकदा ती रामनगरच्या बाजाराला मुडलीचा कंद घेऊन आली. आमच्या जोयड्याच्या रानात हे कंद लहान पोराएवढे होतात. गाडी भरलेली होती, नऊ पूर्ण.

"अण्णा, ह्यो कंद माणसात धरायचा का सामानात?"

"वजन किती आहे?"

"तुमीच सांगा की. काटा कशाला टांगलाय?"

मी तोलला. अकरा किलो चारशे ग्रॅम. "सामानात जागा नाही, आक्का."

"माझा नातू बारा किलोचा हाय. त्याला मांडीवर घेतलं तर तुमी मोजत न्हाईसा. मग ह्येलाबी घेते मांडीवर."

कंद रामनगरपर्यंत मांडीवर बसून आला. वहीत त्या दिवशी नऊच माणसं आहेत, आणि ते खरं आहे.

आता झऱ्याबद्दल सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. मी रोज सकाळी जिथे गाडी भरतो त्या गंगाक्काच्या वाडीतून निघालं की साधारण एक किलोमीटरवर रस्त्याच्या कडेला झरा आहे. त्याला दगडी पाळ बांधलेली आहे आणि वर जांभ्याचा एक देव आहे, ज्याला 'झऱ्यावरचा' याखेरीज नाव नाही. वाडीतल्या कुणब्यांची रीत अशी की कोणी रानाबाहेर महत्त्वाच्या कामाला निघाला, की झऱ्याचा एक लोटा देवावर घालायचा आणि दुसरा लोटा ज्याच्या जिवावर जायचं त्याला पाजायचा. पूर्वी बैल असत. बैलांना पाणी पाजून निघायचं, यात कोणालाही चूक काढता येणार नाही. मग बैलांच्या जागी जीप आली, आणि दुसरा लोटा रेडिएटरमध्ये जाऊ लागला.

मी अर्धा तास वाडीत थांबलेला असतो, गाडी निवलेली असते. झऱ्यावर थांबायचं, बॉनेट उघडायचं, झाकणावर जाड फडकं टाकून अर्धा आटा फिरवायचा, उरलीसुरली वाफ जाऊ द्यायची आणि बाजूला व्हायचं. जुनी गाडी रोज थोडं पाणी पितेच. ज्याचं काम सगळ्यात मोठं त्यानं लोटा ओतायचा. कोणाचं काम मोठं, यावर वादही होतात. एकदा दाढदुखी आणि सोयरीक यांच्यात दहा मिनिटं झाली. दाढ जिंकली, कारण ती दिसत होती. सोयरीक नंतर मोडली, त्याचा दोष आजही त्या दाढेला देतात.

माझ्या वहीत डिझेलचा रकाना आहे, हवेचा आहे. पाण्याचा नव्हता. ते देवाचं पाणी, त्याची नोंद कशाला, असं मी म्हणालो असतो, कोणी विचारलं असतं तर. कोणी विचारलं नाही.

यंदाच्या उन्हाळ्यात गाडी तापायला लागली. चढावर तापमानाचा काटा अर्ध्याच्या वर जायचा, मग पाऊणवर. ज्यांना गाडीतलं कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो. इंजिनात डिझेल जळतं, त्यामुळे इंजिन तापतं. इंजिनाच्या अंगातून पाणी फिरतं, ते ही उष्णता घेतं आणि पुढच्या बाजूला असलेल्या रेडिएटरमध्ये येतं. रेडिएटर म्हणजे बारीक चपट्या नळ्यांची जाळी. नळ्यांतून पाणी खाली उतरतं, जाळीतून पंखा वारा ओढतो, पाणी निवतं आणि परत इंजिनात जातं. आपण ताटलीत ओतून चहा निववतो तसंच, फक्त फुंकर सतत चालू. नळ्या तुंबल्या की पाणी निवत नाही. मग इंजिनाचं हेड, म्हणजे त्याचा वरचा लोखंडी भाग, वाकतं, आणि ड्रायव्हर घरी बसतो.

मी बाबू मिस्त्रीकडे गेलो. रामनगरात गोव्याच्या रस्त्यावर त्याचं गॅरेज आहे. त्यानं झाकणातून आत बोट घातलं, बाहेर काढून मला दाखवलं. बोट तांबडं झालं होतं.

"रेडिएटर गेला, नारायणअण्णा. नवीन घाला."

"कधी करतोस?"

"पुढच्या मंगळवारी. सहा ट्रक उभे हायत, बघा की."

"मला गुरुवारी गाडी पाहिजे. येत्या गुरुवारी."

"मग बेळगावास्नं रेडिएटर मागवा आणि घरीच बसवा. तुमी इतकं मोजून-मापून वागता, तुमाला काय अवघड हाय?"

तो हे कौतुकानं म्हणाला की कसं, हे मला तेव्हा कळलं नाही.

गुरुवार का, ते सांगायला हवं. वाडीतल्या सोमामामाची जोयड्याला सुनावणी होती. सोमामामाचं वय चौऱ्याहत्तर असावं. 'असावं' हा शब्द मी नाइलाजानं लिहितोय, त्यांच्या जन्माची नोंद नाही. झऱ्याच्या खालची भातखाचरं ते आणि त्यांच्या आधी त्यांचा बाप, आजा करत आले. एक एकर बावीस गुंठे. जमीन कागदावर जंगल खात्याची. आपल्या वहिवाटीची म्हणून मिळावी, असा त्यांनी अर्ज केला होता, आणि सात वर्षांनी तारीख आली होती. गुरुवार, सकाळी अकरा. अर्जदार हजर नसेल तर उपलब्ध कागदांवरून निर्णय होईल, असं नोटिशीत लिहिलं होतं. सोमामामांचे उपलब्ध कागद दोन होते, आणि त्यांतला एक ती नोटीस.

वाडीहून बसच्या रस्त्यापर्यंत सात किलोमीटर चालत, ते या वयात होत नाही. दुसरी जीप लग्नाला ठरलेली. मी नोटीस वाचून दाखवली तेव्हाच म्हणालो होतो, "मामा, मी आहे. साडेदहाला तुम्ही कचेरीच्या पायरीवर असाल."

"तू म्हनलास म्हंजे झालं," ते म्हणाले. "तुजं घड्याळ चुकत न्हाई."

मंगळवारी दुपारी बेळगावच्या बसमधून खोका आला. मी घरामागच्या फणसाखाली गाडी लावली आणि बायकोकडं इडलीपात्र मागितलं. सुनंदानं काही विचारलं नाही. लग्नाला सव्वीस वर्षं झाली आहेत.

इडलीपात्र कशाला, तर नट-बोल्ट ठेवायला. स्वतः गाडी उघडणाऱ्या माणसाची फजिती नेहमी एकाच ठिकाणी होते: सगळं बसवून झालं की दोन बोल्ट हातात उरतात. आमच्या इडलीपात्रात सोळा खळगे आहेत. पुढच्या जाळीचे चार स्क्रू, पंख्याच्या आवरणाचे सहा, रेडिएटरचे चार, चौदा. मी प्रत्येक खळग्यात कागदाची चिठ्ठी घातली. 'वरचा डावा', 'वरचा उजवा'. दोन खळगे रिकामे राहिले.

सुनंदा बघून म्हणाली, "अहो, ह्या दोघांत चटणी वाढू का?"

इंजिन पूर्ण थंड असताना बॅटरीची वायर काढली. रेडिएटरच्या तळाला तोटी असते, तिच्याखाली बादली ठेवून पाणी सोडलं. ते पाणी म्हणजे कोकमाचं सार झालं होतं. वरचा आणि खालचा असे दोन जाड रबरी पाइप असतात, त्यांच्या पट्ट्या सैल करून पाइप ओढले. खालचा निघेना, तेव्हा तो पिळून सोडवला. आवरण काढलं, चार बोल्ट काढले आणि रेडिएटर सरळ वर उचलला. सरळ, कारण तिरका उचलला तर पंख्याच्या पात्यांना लागून जाळी फाटते. हे सगळं वाचायला सोपं आहे. मला तीन तास चाळीस मिनिटं लागली.

मग मी जे केलं ते कोणी मिस्त्री करणार नाही. दोन्ही रेडिएटर ताणकाट्यावर तोलले. नवा नऊ किलो चारशे. जुना, पाणी पूर्ण निथळल्यावर, अकरा किलो नऊशे. वरून एक लिटर पाणी ओतून खालून निघायला किती वेळ लागतो तो घड्याळ लावून मोजला. नव्यातून सहा सेकंद. जुन्यातून एकेचाळीस.

म्हणजे अडीच किलो माती. मी जमिनीवर बसलो आणि मनात हिशोब केला. गाडीला सतरा वर्षं झाली. वर्षाला साधारण दोनशे साठ फेऱ्या, फेरीला एक लोटा, त्यातलं सरासरी पाव लिटर आत जातं. अकराशे लिटर. आमच्या डोंगरात जांभा आहे, लोखंड आहे, मॅंगनीजही निघतं. झऱ्याचं पाणी दिसायला काचेसारखं, पण भांडं ठेवलं तर तळाला तांबडा थर बसतो, हे सुनंदालाही माहीत होतं. मी टायरमधली हवा दर सोमवारी मोजत होतो आणि रोज सकाळी माझ्या डोळ्यांसमोर माझ्या रेडिएटरात डोंगर ओतला जात होता. ओततानाचा मान राखायला मी बॉनेट स्वतः धरून उभा होतो.

बुधवारी नवा रेडिएटर बसवला. इडलीपात्र रिकामं झालं, हातात एकही बोल्ट उरला नाही. याचा मला आजही अभिमान आहे, आणि या लेखात अभिमानाची हीच जागा आहे, म्हणून इथे नोंदवून ठेवतो.

मग पाणी भरायचं. या वेळी साधं पाणी नाही. बॅटरीच्या दुकानातलं शुद्ध पाणी आणि हिरवं कूलंट, निम्मं-निम्मं. पुस्तकात लिहिलं होतं, एकूण साडेसहा लिटर. मी मापानं ओतत गेलो. पाच लिटर नऊशे मिलीवर रेडिएटर गळ्यापर्यंत भरला. सहाशे मिली उरलं.

बाबू मिस्त्रीला फोन केला. त्यानं सांगितलं, "झाकण उघडं ठेवून गाडी चालू करा. आतली हवा भायेर येती, पाणी खाली जातं. जाईल तसं घालत ऱ्हावा."

"किती वेळ?"

"हवा जाईस्तवर."

"म्हणजे किती मिनिटं?"

पलीकडे ट्रकचा हॉर्न वाजत होता. "दहा मिनिटं म्हना," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

मी घड्याळ लावून दहा मिनिटं गाडी चालू ठेवली. पाणी हललं नाही. खालच्या पाइपला हात लावून बघितला, तो थंड होता. तो थंड आहे म्हणजे पाणी तापल्यावरच उघडणारी इंजिनातली झडप अजून उघडलेली नाही, पाणी अजून फिरायलाच लागलेलं नाही, हे मला आज सांगता येतं. त्या दिवशी दहा मिनिटं झाली होती. सहाशे मिली जुनं पाणी इंजिनातच राहिलं असणार, असा मी निष्कर्ष काढला, उरलेली बाटली कपाटात ठेवली, झाकण आवळलं आणि वहीत लिहिलं: 'काम पूर्ण.'

एक निश्चयही केला. यापुढं झऱ्याचं पाणी बंद. पुराव्यासाठी त्या तांबड्या पाण्याची एक बाटली भरून घेतली.

गुरुवारी सकाळी रिकामी गाडी घेऊन वाडीत पोचलो. काटा नेहमीपेक्षा जरासा जास्त वर होता. नवीन आहे, रुळेल, असं मी म्हटलं. रेडिएटर चपलेसारखा रुळत नाही, हे मला ठाऊक होतं, तरी म्हटलं. साडेआठला नऊ माणसं बसली. सोमामामा पुढच्या सीटवर, धुतलेलं धोतर, पांढरा सदरा, मांडीवर कागदाची पिशवी. मागे गंगाक्का आणि बाकीचे.

झऱ्यावर थांबलो. सोमामामा उतरले. त्या दिवशी वाद नव्हता; सगळ्यात मोठं काम कोणाचं, हे सगळ्यांना माहीत होतं. त्यांनी पहिला लोटा देवावर घातला, दुसरा भरला आणि गाडीसमोर येऊन उभे राहिले. मी बॉनेट उघडलं नाही.

"मामा, आजपासून गाडीला पाणी नको."

"का रं?"

मी बाटली काढली. अडीच किलो, एकेचाळीस सेकंद, अकराशे लिटर, सगळं सांगितलं. बोलून बोलून घसा सुकला तेव्हा घरून आणलेली माझी पाण्याची बाटली मी तिथेच पिऊन संपवली. सगळे शांतपणे ऐकत होते. माझं म्हणणं पटतंय, असं मला वाटलं.

गंगाक्का म्हणाली, "अण्णा, ह्येच पाणी आमी जन्मापास्नं पितो. आमास्नीबी तोलून बघा की. अडीच किलो जास्त भरतील."

"आक्का, माणसाचं वेगळं."

"व्हय, माणसाला झाकण नस्तं."

सोमामामा हसले नाहीत. भरलेला लोटा हातात धरून ते म्हणाले, "नारायणा, माज्या बापानं बैलाला पाजल्याबिगर ह्यो झरा वलांडला न्हाई. आज मी जिमिनीसाठी चाललोय. आजच तू झाकण लावतोस?"

मी घड्याळात बघितलं. आठ पन्नास. "मामा, उशीर होईल. बसा."

ते थोडा वेळ उभे राहिले. मला वाटलं, आता हे घरी परत जातात आणि सात वर्षांची वाट माझ्या सहा सेकंदांवर संपते. पण ते बसले. लोटा ओतला मात्र नाही. दोन्ही गुडघ्यांत धरला, वर पंजा ठेवला. "गाडीला तान लागंल तवा मागंल," म्हणाले.

आता माझी खरी चूक सांगतो. तेवीस वर्षं रोज मी त्या जागी झाकण उघडत होतो. त्या दिवशी उघडलं असतं, तर रामनगरपासून येताना आतली हवा वर आली आहे आणि पाणी सहाशे मिली खाली गेलंय, हे मला डोळ्यांनी दिसलं असतं. ती रीत बैलांसाठी होती, देवासाठी होती, काहीही असेल. गाडीपुरती ती रोजची तपासणी होती. मी ती बंद केली, नेमकी त्याच दिवशी, आणि आकडे देऊन.

चढ लागला. नऊ माणसं, वर ऊन. काटा अर्ध्यावर गेला, पाऊणवर गेला. नऊ जणांचे डोळे त्या काट्यावर आहेत हे मला आरशात दिसत होतं. तो लाल रेघेला टेकायच्या आत मी सावलीला गाडी घेतली आणि बंद केली. नऊ वाजून चौदा मिनिटं.

तापलेलं झाकण उघडता येत नाही. उकळतं पाणी तोंडावर येतं. थांबणं एवढंच हातात होतं. पस्तीस मिनिटं थांबलो. माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात नीट मोजलेली पस्तीस मिनिटं असतील. कपाटात राहिलेली सहाशे मिलीची बाटली मला डोळ्यांसमोर दिसत होती, वर माझ्या अक्षरातली चिठ्ठीसुद्धा. गाडीत पाण्याच्या पाच बाटल्या होत्या. सगळ्या झऱ्यावर भरलेल्या.

गंगाक्कानं विचारलं, "अण्णा, दुकानातलं पाणी संपलं व्हय?"

"हवा होती आत, आक्का. माझी चूक."

"लिवा मग वहीत."

नऊ एकोणपन्नासला फडकं टाकून मी झाकण उघडलं. आतली पातळी खाली गेली होती. नळ्यांची तोंडं उघडी पडलेली दिसत होती. मी इंजिन चालू केलं, बाजूला झालो. सोमामामा उतरले. गुडघ्यांत धरून इतकी वळणं आणलेल्या लोट्यातून त्यांनी बारीक धारेनं पाणी सोडलं. आतून बुडबुडे आले, पाणी खाली गेलं, त्यांनी आणखी ओतलं. खालच्या पाइपला मी हात लावला. गरम. पाणी फिरत होतं. पातळी गळ्याशी आली तेव्हा लोट्यात चार बोटं पाणी राहिलं होतं. तो लोटा मी नंतर मापला आहे, एक लिटरचा. आत गेलं ते जवळपास सहाशे मिली.

लोट्यातलं उरलेलं पाणी सोमामामांनी माझ्यापुढे धरलं. "पी. तुजं त्वांड सुकलंय."

मी प्यालो.

कचेरीच्या पायरीवर आम्ही दहा सत्तावन्नला होतो. साडेदहाचा शब्द सत्तावीस मिनिटांनी चुकला, अकराची वेळ तीन मिनिटांनी वाचली. सोमामामांनी मला वाचून दाखवायला आत बरोबर घेतलं. अधिकारी तरुण बाई होत्या, बोलायला नीट. त्यांनी दोन्ही कागद बघितले. मग थोडा वेळ तिसरा येतोय का याची वाट बघितली. कन्नडमध्ये विचारत होत्या, मग मराठीत आल्या.

"आजोबा, तुमचे वाडवडील तिथेच होते, याची जागेवर काही खूण आहे?"

"झरा हाय, बाईसाहेब. त्येची पाळ माज्या आज्यानं बांधलीया. खाचराला पाणी त्येचंच."

"जंगलात जुन्या पाळी पुष्कळ असतात. तो झरा आता वापरात आहे का? म्हणजे नेहमी, आजही?"

सोमामामांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. वेळ विचारताना माझ्याकडे बघतात, तसं.

दोन तासांपूर्वी मी त्या झऱ्यावर उभा राहून तो वापर बंद केला होता, नऊ साक्षीदारांसमोर, बाटली दाखवून.

"आहे," मी म्हणालो. "मी तेवीस वर्षं रोज बघतोय. आजही वापरलाय."

"आज? कशासाठी?"

"गाडीत घातलं. सहाशे मिली."

त्यांनी माझ्याकडे जरा बघितलं. मग लिहून घेतलं आणि जागेवर पाहणीचा आदेश दिला.

पाहणीला त्या दोन आठवड्यांनी आल्या. त्यांची गाडी वाडीच्या अलीकडच्या ओढ्यात थांबली, म्हणून पुढे माझ्याच जीपमधून. खाचरं पाहिली, बांध पाहिले, मोजणीची साखळी पडली. परतताना झऱ्यावर थांबलो. बाईंनी पाळीचे दगड पाहिले, फोटो काढले. सोमामामांनी एक लोटा देवावर घातला, दुसरा भरून त्यांच्या हातात दिला.

"हे काय?" बाईंनी विचारलं.

गंगाक्का पाळीवर बसली होती. ती म्हणाली, "ज्येचं काम मोठं त्येनं गाडीला पाजायचं, बाई. आज तुमचं मोठं हाय."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी फडकं काढलं, बॉनेट उघडलं, अर्धा आटा फिरवला, वाफ जाऊ दिली आणि बाजूला झालो. बाईंनी पाणी ओतलं, थोडं बाहेर सांडलं. वाडीतल्या माणसांना ते भाषणापेक्षा बरं वाटलं. पंचनामा मला वाचायला दिला होता. त्यात एक ओळ होती: 'दगडी पाळ असलेला जुना झरा, सध्या वापरात.'

त्या दिवसापासून वहीत पाण्याचा रकाना आहे. झाकणाच्या तोंडावर मी चौपदरी सुती फडकं धरतो, लोटा त्यातून गाळून जातो. सोमामामांना याची हरकत नाही. बैलालाही गढूळ पाणी पाजत नसत, असं ते म्हणाले. फडकं संध्याकाळी तांबडं होतं, सुनंदा ते वेगळं धुते. गाळातला निम्मा त्यात अडकतो, बाकीचा विरघळून आत जातोच.

त्यावरून हिशोब केला आहे. पहिला रेडिएटर सतरा वर्षं टिकला. निम्मा गाळ धरला तर हा चौतीस वर्षं टिकायला हवा, पण जाळ्या हल्ली पातळ येतात, म्हणून वीस धरू. तेव्हा मी बहात्तर वर्षांचा असेन. बोल्ट चौदा, इडलीपात्राचे खळगे सोळा, हे माहीत आहेच. तोपर्यंत सोमामामांच्या अर्जाचा निकाल लागलेला असेल, असं मी धरून चाललो आहे.